मार्केट यार्डातून चिनी ग्रंथांच्या कपाटाकडे



पुण्याच्या मार्केट यार्डात एका आडत्याच्या गाळ्यावर आम्ही गेली वीसएक वर्षे पट्ट्या लिहितो. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब. किती डाग आले, वजन किती भरले, भाव काय मिळाला, हमाली किती, तोलाई किती आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात काय पडले, हे सारे त्या एका कागदावर येते. पहाटे गुलटेकडीच्या रस्त्यावर ट्रक-टेम्पोंची रांग लागते. आमचे हमाल बांधव पाठीवर पोती आणि डोक्यावर खोकी घेऊन धावत असतात. चहाची किटली फिरत असते. त्या गडबडीत आम्ही कान तोलणाऱ्याच्या आवाजाकडे आणि डोळे वहीकडे लावून बसलेले असतो. या धंद्याने आम्हाला एकच गोष्ट पक्की शिकवली. मूळ पावती पाहिल्याशिवाय पट्टीवर सही करायची नाही. दुसऱ्याने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर विसंबला तो कारकून बुडाला म्हणून समजा.

याच मार्केट यार्डातून निघून आम्ही एक प्रवास केला. अंतर म्हणाल तर बसचे दोन टप्पे. पण त्या प्रवासाची सुरुवात एका रिकाम्या खोक्यापासून झाली, म्हणून आधी त्या खोक्याची हकीकत सांगतो.

यार्डाच्या फळबाजारात पूर्वी चीनमधून सफरचंदे येत. २०१७ साली भारत सरकारने कीड-रोगाच्या कारणावरून ती आयात बंद केली. तोपर्यंत पांढरी, चकचकीत, जाड पुठ्ठ्याची ती खोकी गाळ्यांपुढे थप्पीने रचलेली असायची. माल विकला गेला की रिकामे खोके आमच्या वस्त्यांत पोचायचे. कुणाच्या घरी त्यात कपडे, कुणाच्या घरी भांडी, कुणाच्या घरी पोरांची दप्तरे. आमच्या विहारातही अशी चार खोकी आली. विहाराला ग्रंथालय काढायची हौस मोठी, पण कपाटाला पैसे नाहीत. तेव्हा पुस्तके त्या खोक्यांतच ठेवली. राज्य शासनाने छापलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे इंग्रजी खंडही त्यातच.

दर रविवारी वंदना झाल्यावर आम्ही विहारात मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. गेल्या वर्षी एका रविवारी फळबाजारातल्या एका हमालाची मुलगी सातवा खंड काढायला उठली. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. खंड काढता काढता ती खोक्याकडे बघत उभी राहिली.

"काका, ह्याच्यावर काय लिहिलंय?"

"चिनी आहे बाळा."

"ते दिसतंय हो. पण लिहिलंय काय?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. दहा वर्षे ज्या खोक्यातून आम्ही पुस्तके काढतो त्याच्यावरचे एक अक्षर आम्हाला ठाऊक नव्हते. पोरे हसली, आम्हीही हसलो. पण मुलगी हसली नाही. तिने सातवा खंड उघडला आणि म्हणाली, "ह्यात बाबासाहेबांनी दोन चिनी भिक्खूंची साक्ष काढलीय. ते चिनीत काय लिहून गेले हे आपल्यातल्या कुणी वाचलंय का?"

वाचकहो, हा प्रश्न आम्हाला घरी झोपू देईना.

या सातव्या खंडात, म्हणजे १९९० साली निघालेल्या खंडात, बाबासाहेबांचा 'द अनटचेबल्स' हा १९४८ सालचा ग्रंथ आहे. अस्पृश्य मूळचे कोण आणि ते अस्पृश्य कसे झाले, हा त्याचा विषय. शेवटाकडे बाबासाहेब विचारतात, की ही अस्पृश्यता जन्मली तरी केव्हा? या प्रश्नाचे उत्तर देताना ते धर्मशास्त्रे तपासतात आणि मग दोन चिनी प्रवासी भिक्खूंना साक्षीला बोलावतात. पहिला फाहियान. इसवी सन ३९९ मध्ये तो चीनहून निघाला. चांडाळ लोक गावाबाहेर राहतात आणि गावात शिरताना लाकूड वाजवून आपण आल्याची खूण देतात, असे त्याने नोंदवले. दुसरा ह्यूएनत्संग. तो सातव्या शतकात आला. खाटीक, कोळी, डोंब, भंगी अशा लोकांची घरे खुणेने वेगळी केलेली असतात, ती नगराबाहेर असतात आणि या लोकांना रस्त्याच्या कडेने दबून चालावे लागते, असे त्याने लिहिले.

बाबासाहेबांनी या साक्षी जशाच्या तशा गिळल्या नाहीत. फाहियानची नोंद एकट्या चांडाळांची आहे, तेवढ्यावरून सर्व अस्पृश्यतेचा निकाल लावता येत नाही, असे त्यांनी बजावले. ह्यूएनत्संगाची नोंद मात्र चांडाळांपलीकडच्या जातींविषयी बोलते, म्हणून तिला त्यांनी वेगळे वजन दिले. इसवी सन २०० मध्ये अस्पृश्यता नव्हती, ६०० पर्यंत ती आलेली होती आणि ४०० च्या सुमारास ती जन्मली असावी, अशा निष्कर्षावर ते आले. न्यायालयातला निष्णात वकील जसा साक्षीदार तोलून घेतो तसेच त्यांनी केले.

आता ध्यानात घ्या. आपल्या हजारो वर्षांच्या खटल्यातले दोन मोठे साक्षीदार चिनी भाषेत बोलतात. बाबासाहेबांपुढे त्यांची इंग्रजी भाषांतरे होती आणि त्यावर त्यांनी एवढे काम करून ठेवले. पुढचे काम आपले. मूळ पावती चिनीत आहे आणि आम्ही कारकून असून ती कधी पाहिलेली नाही!

बाजाराला सुट्टी होती त्या दिवशी ती मुलगी आणि वर्गातली आणखी तीन मुले घेऊन आम्ही निघालो. स्वारगेटला बस बदलली आणि डेक्कनला उतरून फर्ग्युसन रस्त्याने चालू लागलो. आमच्या मुलांनी हा रस्ता कपड्यांच्या दुकानांसाठी आणि फार तर डोशासाठी पाहिलेला. ग्रंथांसाठी कुणी पाहिला नव्हता.

प्रथम रानडे इन्स्टिट्यूटची जुनी वास्तू दाखवली. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग या आवारात वाढला. जर्मन, फ्रेंच, रशियन यांच्याबरोबर जपानी शिकलेली पुण्यातली कितीतरी मुले येथूनच बाहेर पडली. जपानी लिपीत चिनी अक्षरे वापरतात. जपान सरकारने रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या यादीत अशी २,१३६ अक्षरे आहेत. जपानी शिकणाऱ्याला चिनी ग्रंथ लगेच वाचता येतो असे नाही, जुन्या चिनीचे व्याकरण निराळे आहे. पण अक्षरांची ओळख असली म्हणजे अर्धी वाट सरली.

पुढे फर्ग्युसन महाविद्यालय. आवारातली बाई जेरबाई वाडिया ग्रंथालयाची दगडी इमारत १९२९ सालची. तिच्यासमोरच्या झाडाखाली बसवून आम्ही मुलांना धर्मानंद कोसंबींची हकीकत सांगितली. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस. बुद्ध कोण हे जाणून घेण्यासाठी घर सोडले. नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश पालथे घातले. सिंहलद्वीपात दीक्षा घेतली, पाली शिकला. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. १९१२ पासून सहा वर्षे त्यांनी या फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली. आणि त्याच सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली आपले बाबासाहेब अमेरिकेला गेले. एकाच हाताने दोन दिवे लावले, असे म्हटले तर चूक होणार नाही.

कोसंबींचे शिष्य पु. वि. बापट. तेही पुढे फर्ग्युसनमध्ये पाली शिकवू लागले. पण त्यांच्या लक्षात आले की एकट्या पालीने भागत नाही. 'विमुत्तिमग्ग' नावाचा एक जुना पाली ग्रंथ होता. भारतात आणि सिंहलद्वीपात तो नाहीसा झाला. वाचला तो चिनी भाषेत, कारण इसवी सन ५१५ च्या सुमारास संघपाल नावाच्या भिक्खूने त्याचे चिनीत भाषांतर केले होते. बापटांनी तो चिनी ग्रंथ बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्गा'शी ओळीला ओळ लावून ताडून पाहिला. हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली आणि १९३७ साली ते काम पुण्यात पुस्तकरूपाने निघाले. त्यांचे समकालीन वा. वि. गोखले यांनी तर तिबेटी आणि चिनी दोन्ही भाषा घेतल्या आणि आर्यदेवाच्या नावावरचा एक हरवलेला छोटा ग्रंथ त्या भाषांतून १९३० साली पुढे आणला. पुढे ते ल्हासालाही राहून आले.

फर्ग्युसनहून आम्ही भांडारकर प्राच्यविद्या संस्थेकडे गेलो. ही संस्था १९१७ ची. बापटांनी अकिरा हिराकावा या जपानी विद्वानाबरोबर विनयाच्या अट्ठकथेचे चिनीतून इंग्रजी भाषांतर केले, ते याच संस्थेने १९७० साली छापले. मूळ चिनी भाषांतर इसवी सन ४८९ चे. तेव्हा बापट पंचाहत्तरीच्या घरात होते. आम्ही मुलांना एवढेच म्हणालो, "बाळांनो, साठीला आपण म्हातारे झालो म्हणतो."

ही सारी माणसे विद्वान. त्यांच्या कष्टांचे ऋण आम्ही मानतो. कोसंबींनी तर मुंबईत परळला गिरणी कामगारांच्या वस्तीत बहुजन विहार उभा केला. पण मनात एक प्रश्न आलाच. ज्यांच्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या पोथी होती त्यांनी बुद्धाची चिनी पोथी उघडली. १९५६ साली आपण लाखोंनी बुद्धाला शरण गेलो. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती बसवली, ती जागा आमच्या मार्केट यार्डापासून काही लांब नाही. मूर्ती आम्ही डोक्यावर घेतली. पोथी कुणी हातात घेतली?

दुपारी गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात पोचलो. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. कमानीवरचे ते नाव आमच्या मुलीने मोठ्याने वाचले आणि नमस्कार केला. आवारात जयकर ग्रंथालय आहे. पाली आणि बौद्ध विद्येचे शिक्षण विद्यापीठात मिळते. आमच्यातली काही मुले आता तिथे शिकू लागली आहेत ही समाधानाची गोष्ट.

एक कडू अनुभवही सांगितला पाहिजे. त्या दिवशी एका ग्रंथालयात (नाव घेत नाही) खिडकीवरच्या माणसाने आमच्याकडे वर-खाली पाहिले. "मेंबर आहात का? कुठून आलात?" आम्ही म्हणालो, "मार्केट यार्डातून." तो म्हणाला, "मग इथं काय काम?" मुले खाली बघू लागली. आम्हाला भांडता आले असते. पण आम्ही शांतपणे विचारले, "बाहेरच्या वाचकाला ग्रंथ जागेवर बसून पाहण्याची सोय आहे का? त्याला कुणाचे पत्र लागते?" तेव्हा त्याने कुरकुरत एक छापील कागद पुढे केला. सोय होती! विचारल्याशिवाय ती कुणी सांगत नव्हते, एवढेच.

दुसऱ्या एका ठिकाणी मात्र ग्रंथपाल बाई भल्या भेटल्या. आम्ही कशासाठी आलो ते ऐकून त्यांनी कपाट उघडले आणि चिनी त्रिपिटकाच्या जपानी आवृत्तीचा एक जाडजूड खंड टेबलावर ठेवला. ही आवृत्ती जपानात १९२४ ते १९३४ या दहा वर्षांत छापली गेली. एकंदर १०० खंड. पान उघडले तर वरपासून खालपर्यंत तीन आडवे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्यात अक्षरांच्या उभ्या ओळी. उजवीकडून डावीकडे वाचत जायचे. आम्हाला आमची खतावणी आठवली.

बाईंनी एका अक्षरावर बोट ठेवले. "हे 'बुद्ध'. चिनीत 'फो' म्हणतात, जपानीत 'बुत्सु'. ह्याच्या डाव्या अंगाला जे दोन फटकारे आहेत ना, त्याचा अर्थ माणूस."

मुलगी वाकून बघत राहिली. "म्हणजे बुद्ध लिहायचा तर आधी माणूस लिहावा लागतो!"

त्या बाईंनी आणखी पुष्कळ सांगितले. जातिभेदाचे वाभाडे काढणारी 'वज्रसूची' आपल्याकडे अश्वघोषाच्या नावावर प्रसिद्ध आहे. तिचे दहाव्या शतकातले चिनी भाषांतर आहे आणि तिथे कर्ता म्हणून धर्मकीर्तीचे नाव आहे. आनंदाला पाणी देणाऱ्या मातंग कन्येची, प्रकृतीची कथा चिनीत एकदा नव्हे, अनेकदा भाषांतरित झाली. ह्यूएनत्संगाने आपल्या महाराष्ट्राचेही वर्णन केले आहे. इथे शंभरावर विहार आणि पाच हजारांवर भिक्खू होते, माणसे साधी, प्रामाणिक, उपकार न विसरणारी आणि अपमान सहन न करणारी, असे तो सांगतो. परत जाताना त्याने ६५७ ग्रंथ नेले आणि उरलेल्या आयुष्यात त्यांतल्या ७५ ग्रंथांची भाषांतरे केली. आपल्याकडे विहार ओस पडले आणि ग्रंथ हरवले. तिकडे ते जपले गेले. शेजाऱ्याकडे ठेवायला दिलेली ठेव शेजाऱ्याने सांभाळावी आणि मालकाच्या नातवंडांनी ती आणायलाच जाऊ नये, तशी आपली गत आहे.

निघताना बाईंनी विचारले, "बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले. तिथलं चिनी ग्रंथालय कुणाच्या पैशानं सुरू झालं, माहीत आहे?" आम्हाला वाटले कुणी धनिक असेल. त्यांनी सांगितलेली गोष्ट आम्ही नंतर नीट वाचून घेतली, ती अशी.

अमेरिकेत डीन लंग नावाचा एक चिनी मनुष्य जनरल कार्पेंटियर या श्रीमंत गृहस्थाच्या घरी नोकर होता. त्या काळात अमेरिकेत चिन्यांचा मोठा द्वेष होई. चिनी मजुरांनी देशात येऊ नये म्हणून १८८२ साली कायदाच केला होता, तो १९४३ पर्यंत टिकला. अशा देशात या घरगड्याने पगारातून पैसा पैसा साठवला आणि १९०१ साली १२,००० डॉलर कोलंबिया विद्यापीठाला पाठवून दिले. कशासाठी? तर तिथे चिनी विद्येचा अभ्यास सुरू व्हावा म्हणून. स्वतःसाठी काही मागितले नाही. मालकाने त्यात एक लाख डॉलरची भर घातली. पुढच्याच वर्षी चीनच्या सरकारने ५,०४४ भागांचा एक प्रचंड ज्ञानकोश भेट पाठवला. त्यातून उभे राहिलेले पूर्व आशियाई ग्रंथालय आज दहा लाखांवर ग्रंथांचे आहे. चिनी, जपानी, कोरियन, तिबेटी असे सारे त्यात आहे. प्राध्यापकाच्या एका जागेला आजही त्या घरगड्याचे नाव आहे. डीन लंगच्या देणगीनंतर बारा वर्षांनी, १९१३ साली, बाबासाहेब त्याच विद्यापीठात दाखल झाले आणि तिथल्या ग्रंथालयात दिवस दिवस बसून राहिले.

परतीच्या बसमध्ये कुणी बोलले नाही. स्वारगेट आल्यावर मुलगी म्हणाली, "काका, नोकर माणसानं केलं हे." आम्ही म्हणालो, "होय बाळा. हमालीच केली त्यानं, फक्त घरातली."

आता घरची बाजू. मुलीने जपानी शिकायचे ठरवले आणि बापाला सांगितले. संध्याकाळी तो आमच्याकडे आला. पाठीला अजून पोत्याची धूळ होती.

"दिवाणजी, पोरगी म्हणती जपानी शिकायचं. मी नाही म्हणत नाही. पण खरं सांगा, त्यानं पोट भरतं का? का नुसतं धम्माचं काम?"

प्रश्न रास्त होता. हमालाच्या घरी फीचा रुपया हा भाकरीतला रुपया असतो. आम्ही त्यांना खरे तेच सांगितले. जपानी कंपन्या पुण्याच्या आसपास आहेत. संगणकाच्या कंपन्यांना जपानी जाणणारी माणसे लागतात. जपानी भाषेची परीक्षा पाच पायऱ्यांची असते, पाचवी सर्वांत सोपी आणि पहिली सर्वांत अवघड. वरच्या पायऱ्या चढल्याशिवाय चांगली नोकरी लागत नाही आणि त्याला काही वर्षे जातात. शिवाय बी. कॉम. सोडायचे नाही.

त्यांचा धाकटा भाऊ भोसरीला टर्नर आहे. तो शेजारी बसला होता. आम्ही त्याला विचारले, "तुमच्या कारखान्यात माप घ्यायचं व्हर्नियर कुठल्या कंपनीचं?"

"मितुतोयो. एक नंबर."

"ती कंपनी काढली येहान नुमाता यांनी. बौद्ध घरातला माणूस. १९३४ ला कंपनी काढली आणि कमाईतून १९६५ साली धम्मप्रसारासाठी संस्था उभी केली. चिनी त्रिपिटक इंग्रजीत आणायचं काम त्यांनीच १९८२ साली सुरू केलं. ह्यूएनत्संगाच्या प्रवासवर्णनाचं भाषांतर त्यातच आहे. आज ते मोबाईलवर फुकट उतरवून घेता येतं."

टर्नर भाऊ आपल्या हाताकडे बघत राहिला. "रोज हातात धरतोय की आम्ही ते," म्हणाला.

बाप बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "निम्मी फी मी भरतो. निम्म्याचं तुम्ही बघा."

निम्म्यासाठी विहाराच्या कमिटीची बैठक झाली. ती काही गोड झाली नाही. जयंतीसाठी वर्गणी जमली होती आणि तरुण मंडळींना मोठा स्पीकर हवा होता. एकजण म्हणाला, "एका पोरीच्या जपानीसाठी सगळ्या वस्तीचा पैसा का?" म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. आम्ही खोके उचलून मधोमध ठेवले आणि सातवा खंड काढून ह्यूएनत्संगाची ती नोंद मराठीत सांगितली. रस्त्याच्या कडेने दबून चालणारी माणसे. मग विचारले, "ही आपली माणसं. ज्यानं त्यांना पाहिलं त्यानं काय शब्द वापरले, हे आपण अजून दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं का?" एका वृद्ध आजी उठल्या. त्या बाजारात पालेभाजी निवडायचे काम करतात. म्हणाल्या, "स्पीकर लहान आना. बाबासाहेबांचं नाव लहान आवाजानं काय कमी होत न्हाई." हशा पिकला आणि ठराव झाला. सर्वांनी हात वर केले असे नव्हे. दोघे उठून गेले. पण त्यांतला एक पुढच्या रविवारी आपल्या मुलाला घेऊन वर्गाला आला.

मुलगी आता पाचव्या पायरीचा अभ्यास करते आहे. अक्षरे थोडी, घाई फार. पण परवा तिने खोक्यावरचा मजकूर लावला. म्हणाली, "काका, मधली दोन अक्षरं 'फुजी'. जपानच्या डोंगराचं नाव, सफरचंदाची जात. अलीकडचं अक्षर लाल." म्हणजे इतकी वर्षे आमच्या ग्रंथालयाच्या दारावर 'लाल फुजी' अशी पाटी होती आणि आम्हाला पत्ता नव्हता!

वाचकहो, प्रत्येक घरातल्या मुलाने चिनी शिकावे असे आमचे म्हणणे नाही. पण प्रत्येक विहारामागे एका तरी मुलाने किंवा मुलीने पाली, चिनी, जपानी किंवा तिबेटी यांपैकी एक भाषा धरावी. पाली तर आपली जवळची. बाबासाहेबांनी स्वतः पालीचा शब्दकोश आणि व्याकरण तयार केले, ते १९९८ साली सोळाव्या खंडात छापले गेले. भाषा येण्याआधीही करता येण्यासारखे आहे. विद्यापीठांची आणि संस्थांची ग्रंथालये आपल्याच कराच्या पैशावर आणि देणग्यांवर चालतात. बाहेरच्या वाचकाला आत बसून ग्रंथ पाहण्याची परवानगी बऱ्याच ठिकाणी मिळते. जाताना ओळखपत्र, महाविद्यालयाचे किंवा विहाराचे पत्र आणि हव्या असलेल्या ग्रंथाचे नाव लिहून न्यावे. एका ग्रंथालयात ग्रंथ नसेल तर दुसरीकडून मागवण्याची सोय आहे का, हे विचारावे. खिडकीवरच्या माणसाने कपाळाला आठ्या घातल्या तरी मागे फिरू नये. आणि ज्यांच्या गावात ग्रंथालयच नाही त्यांनी मोबाईल काढावा. जपान आणि तैवानमधल्या संस्थांनी चिनी त्रिपिटक सर्वांसाठी खुले ठेवले आहे.

चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले ते तहान लागली होती म्हणून नव्हे, तर तो आपला हक्क होता म्हणून. ग्रंथांच्या कपाटाचेही तसेच आहे. एका चिनी घरगड्याने परक्या देशात आपल्या भाषेसाठी कपाट उभे केले. आम्ही तर आपल्याच देशात आहोत. आमच्या विहारात या महिन्यात लोखंडी कपाट आले, वर्गणीतूनच आले. पुस्तके त्यात लावली. सफरचंदाची तीन खोकी रद्दीत दिली. चौथे ठेवले आहे. मुलगी म्हणते, उरलेली बारीक अक्षरे वाचून झाल्याशिवाय ते कुणी टाकायचे नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!